गोल ट्रॅकवरचे अ आणि ब

आधीच सांगून ठेवते, या लेखात गणित आहे. ज्यांना पान उलटायचं असेल त्यांनी आत्ताच उलटावं. नंतर चकली हातात धरून ‘ऐन दिवाळीत बाईंनी डोकं उठवलं’ म्हणून माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत. पोरांनी आजवर मोडली आहेत तेवढी मला पुरेत.

मी कोल्हापुरात पोलीस भरतीच्या क्लासमध्ये गणित शिकवते. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी बसून भिंतीकडे बघायचा माझा स्वभाव नाही, आणि दिवसभर मी घरात असणं आमच्या घरच्यांनाही झेपणारं नव्हतं. शहराच्या कडेला एक मैदान आहे. मैदानाला चारशे मीटरचा मातीचा गोल ट्रॅक आणि बाजूला पत्र्याच्या दोन खोल्या. सकाळी मैदान शिंदे सरांचं. ते फौजेतून आलेले. गळ्यात शिट्टी, आणि तोंडानं बोलण्यापेक्षा तिच्यानंच जास्त बोलायचे. ऊन चढलं की तीच पोरं घामानं निथळत माझ्या पत्र्याखाली यायची. मग माझा अंमल सुरू.

भरतीला दोन परीक्षा असतात, एक मैदानाची आणि एक लेखी. मैदानावर पोरं पळतात. लेखीत अ आणि ब पळतात, आणि पोरं बसल्या जागी घामाघूम होतात.

प्रश्न असा असतो. चारशे मीटरच्या गोल ट्रॅकवर अ आणि ब एकाच ठिकाणाहून एकाच वेळी निघाले. अ सेकंदाला पाच मीटर जातो, ब तीन मीटर. तर ते पहिल्यांदा कधी भेटतील? विरुद्ध दिशांना निघाले असतील तर फार सोपं. दोघं मिळून मधलं अंतर खात येतात. एकानं सेकंदाला पाच खाल्ले, दुसऱ्यानं तीन, म्हणजे आठ. चारशेला आठानं भागा, पन्नास सेकंदांत दोघं समोरासमोर. पण एकाच दिशेनं निघाले असतील तर अ ला ब च्यापेक्षा एक अख्खी फेरी जास्त काढावी लागते, तेव्हा कुठं तो मागून येऊन ब ला गाठतो. सेकंदाला तो दोनच मीटर जास्त काढतो. चारशेला दोनानं भागा, दोनशे सेकंद. तोंडं एकमेकांकडे असली तर वेगांची बेरीज करायची, दोघांची तोंडं एकाच बाजूला असली तर वजाबाकी. याला म्हणतात सापेक्ष वेग. माझी सगळी विद्या एवढीच आहे आणि तिच्यावर मी इतकी वर्षं काढली.

एवढं सोपं, तरी पोरांना जमायचं नाही. कारण सरळ रस्त्यावर पुढचा तो पुढचा आणि मागचा तो मागचा. गोल ट्रॅकवर तसं नसतं. जो थोडा मागं दिसतो तो खरं तर जवळजवळ एक फेरी पुढंही असू शकतो. आमच्या गावात पुढं कोण आणि मागं कोण हे कळल्याशिवाय कुणाला घास गिळत नाही, त्यामुळं इथंच सगळं अडायचं.

हातकणंगल्याकडचा एक दांडगा गडी होता. पळायला वारा. पहिल्याच दिवशी उठून उभा राहिला.

“बाई, ह्ये गणित चुकीचं हाय.”

“का रे बाबा?”

“सुरवातीपासनं शेवटपत्तूर पाचचाच स्पीड? पैल्या शंभरात कुणीबी पळतंय. तिसऱ्या शंभराला बरगडीत कळ येती. ह्यो अ दमत न्हाय?”

“न्हाय.”

“पाणी?”

“पीत न्हाय.”

“बुटाची नाडी?”

“सुटत न्हाय.”

“आयला, मग त्येला भरती कशाला पायजे? डायरेक्ट साहेबच करा की!”

वर्ग लोळायचा बाकी राहिला. मीही हसले, पण त्याचं काही चूक नव्हतं. खुर्चीत बसून शिकलेलं पोर अ आणि ब वर निमूट विश्वास ठेवतं. पळणारं पोर ठेवत नाही. त्याच्या छातीत भाता चाललेला असतो, त्याला एका वेगानं पळणारा माणूस पटतच नाही. शेवटी मी म्हटलं, “अ ला माणूस समजूच नकोस, घड्याळाचा काटा समज.” तेव्हा कुठं पठ्ठ्या खाली बसला.

आणि नेसरीची एक मावशी होती. पोरीचा डबा घेऊन आली आणि ऊन उतरेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहिली. तास संपल्यावर मला म्हणते, “बाई, त्या दोघास्नी उलट्या अंगानं का पळीवलासा? देवळात समदी एकाच अंगानं प्रदक्षिणा घालत्यात. म्हणून तर टकरा हुईत न्हाईत.”

“मावशी, त्यांची गाठ पडावी म्हणूनच पळवायचं.”

“गाठ पाडायची तर हाक मारावी की. पळवायचं कशाला?”

मी हसले आणि डस्टर झटकलं. ते वाक्य पुढं माझ्याच अंगावर येणार होतं हे मात्र तेव्हा ठाऊक नव्हतं.

खरं म्हणजे मावशीचा नियम आमच्या मैदानाला आधीच लागू झाला होता. सकाळी पोरांबरोबर गावातली वयस्कर मंडळीही तिथं चालायला येतात. पूर्वी ही मंडळी देवळातल्यासारखी उजवा हात आत ठेवून चालायची, आणि पोरं पळण्याच्या रीतीप्रमाणं डावा हात आत ठेवून पळायची. म्हणजे सगळे एकमेकांच्या अंगावर. एकदा एक पोर आणि एक काका असे काही आपटले की काकांची कवळी लांब उडीच्या खड्ड्यात सापडली. त्या दिवसापासून शिंदे सरांनी फर्मान काढलं, पळणारा असो नाहीतर चालणारा, सगळ्यांनी डावा हात आत ठेवूनच जायचं. चालणाऱ्यांनी बाहेरची कड धरायची. उलटा कुणी दिसला की शिट्टी अशी बसायची की माणूस जागेवर फिरायचा.

आता आप्पा आणि तात्या. हे दोघे सख्खे भाऊ, आप्पा थोरले, तात्या धाकटे. धंदा म्हशींचा. घरं एकाच बोळात, दारं समोरासमोर. धारा काढायचं काम पोरांच्या हातात गेलं तसं आप्पांना साखर लागली आणि तात्यांना रक्तदाब. डॉक्टरांनी दोघांना चालायला सांगितलं आणि दोघेही आमच्या मैदानावर यायला लागले. तात्यांची मुलगी स्वाती माझ्या क्लासात होती, म्हणून मला ही सगळी हकिकत ठाऊक.

हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण शेताचं नाही, घराचं नाही. म्हशीचं.

कोल्हापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींचा थाट असतो. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्या आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसं, अंग असं घासायचं की त्यात तोंड दिसावं. मग मालक मोटरसायकलवर पुढं, आणि त्याच्या हाकेसरशी म्हैस मागनं धावते. आप्पांची गंगी त्या बोळाची शान. तात्या वेगळे निघाले तेव्हा आप्पांनी गंगीचंच रेडकू त्यांच्या दावणीला बांधलं होतं. तीच पुढं चंद्री झाली. आणि एका पाडव्याला भर गर्दीत लेक आईच्या पुढं पळाली. चंद्रीनं गंगीला मागं टाकलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी ओरडलं, “आप्पा, म्हातारी झाली तुमची गंगी!”

झालं. आप्पा तिथल्या तिथं म्हणाले, “तू चंद्रीला आवरायला पायजे हुतंस.”

तात्या म्हणाले, “म्हैस काय माझं ऐकून पळती व्हय?”

“तुझं न्हाय तर कुणाचं ऐकती? माझं?”

एवढ्यावर दोघांचं तोंड बंद झालं. पुढचा पाडवा आला, गेला. गंगी निघाली तेव्हा चंद्री दारात, आणि चंद्री निघाली तेव्हा गंगी दारात. दोन्ही घरांतल्या बायका एकमेकींकडे ताट वाढून द्यायच्या, पोरं इकडनं तिकडं खेळायची. फक्त हे दोन बाप्ये समोरासमोरच्या दारात बसून एकमेकांच्या डोक्यावरून आभाळ बघायचे.

मैदानावर यांची तऱ्हा बघण्यासारखी होती. दूध घालायचं काम एकाच वेळी संपायचं, त्यामुळं यायचेही एकाच वेळी. आप्पा आधी चालायला लागायचे. तात्या फाटकाजवळ उभे राहायचे, आणि आप्पा बरोबर पलीकडच्या बाजूला, समोर पोचले की मग हे पाऊल उचलायचे. दोघांमध्ये कायम अर्धी फेरी. वेग सारखा. एकाच बापाच्या मागं म्हशी हाकत चालायला शिकलेले, चाल वेगळी कुठून येणार? सगळी सकाळ दोघे गोल गोल चालायचे, एकमेकांना दिसायचे, आणि भेटायचे मात्र नाहीत.

स्वाती पळण्यात सगळ्यांच्या पुढं होती. गणितात तिची गाडी गोल ट्रॅकवर येऊन रुतायची. मी एकदा वर्गात म्हटलं, “आता तुमच्या तुम्ही उदाहरणं तयार करा.” सगळ्यांनी गाड्या, सायकली, घोडे पळवले. स्वाती फळ्यापाशी गेली आणि लिहिलं, ‘चारशे मीटरच्या ट्रॅकवर अ आणि ब यांच्यात दोनशे मीटर अंतर आहे. दोघे एकाच दिशेनं, एकाच वेगानं चालतात. तर ते कधी भेटतील?’

मागून कुणीतरी म्हणालं, “अगं, वेगातला फरक शून्य. दोनशेला शून्यानं भागणार? उत्तरच येत न्हाय.”

“म्हणूनच विचारलोय,” स्वाती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी स्वतःला ‘आलो, गेलो, विचारलोय’च म्हणतात. मी शाळेत असताना ते सुधारायला गेले होते, आता मीच घरात तशी बोलते.

पोरं हसली. मग एकेकाची नजर खिडकीतून ट्रॅककडे गेली. त्या दिवशी दोघांना यायला उशीर झाला होता, अजून चालत होते. एक या टोकाला, एक त्या टोकाला. मी फळा पुसला आणि टक्केवारी काढली.

पुढं स्वातीची निवड झाली. इथं थांबून एक सांगते. माझ्या पत्र्याखालून गेलेल्या पोरांतली थोडीच लागली. पुष्कळ पोरं मैदान मारून आली आणि लेखीत गेली. मुरगूडचा एक पोरगा तर पास होता होता राहिला, आता दुकान चालवतो, मला बघितलं की “बाई, अ भेटला का हो ब ला?” म्हणून हाक मारतो. मी हसते, पण घरापर्यंत तो माझ्या डोक्यातून जात नाही. त्यामुळं कुणाची निवड झाली की मला जरा जास्तच आनंद होतो. मी पेढा खाल्ला. स्वाती मात्र पेढ्याचा पुडा हातात धरून उभीच.

“काय गं? तोंड का पडलंय?”

“बाई, मला त्या गणिताचं उत्तर पायजे.”

“कुठल्या?”

“अ आणि ब च्या. मी ट्रेनिंगला चाललोय पुढच्या सोमवारी. मला गाडीत बसवायला तात्या येणार. आप्पा म्हणाले, त्यो येणार आसंल तर मी कशाला? मला शाळेत खांद्यावर बसवून कुणी न्हेलं बाई? आप्पांनी. त्यास्नी पोरगी न्हाय, मीच हाय. आता दोघांतल्या कुणाला सांगू, तुम्ही येऊ नका म्हणून?”

आणि ती रडायला लागली. सगळ्या पोरींच्या पुढं पळणारी पोर, माझ्या ओढणीत तोंड खुपसून रडली. मी गणिताची बाई. भांडणं मिटवणं माझ्या अभ्यासक्रमात नाही, आमच्या घरातलीच अजून मिटलेली नाहीत. पण प्रश्न गोल ट्रॅकचा होता, आणि गोल ट्रॅकवर मला कुणी हरवलेलं मी सहन करत नाही. सोमवारला अजून आठवडाभर होता.

मी म्हटलं, “डोळे पूस. वेगात फरक पडला पाहिजे, एवढंच. थोडा जरी पडला तरी कधीतरी गाठ पडणारच. तात्यांना जरा जोरात चालायला सांग.”

दुसऱ्या दिवशी मी चहाचा पेला घेऊन पायरीवर बसले. तात्यांनी जोर धरला. पाव फेरीत अंतर कमी झालेलं दिसायला लागलं. मी मनात म्हटलं, जमतंय. तेवढ्यात आप्पांनी मैदानापलीकडे मान वळवली, धोतराचा सोगा वर खोचला आणि तेही सुटले. तात्यांनी बघितलं, आणखी जोर धरला. आप्पांनी आणखी. थोड्या वेळानं दोघे जवळजवळ पळतच होते, आणि मध्ये तीच अर्धी फेरी.

शिंदे सर शिट्टी काढून माझ्याजवळ आले. “बाई, ह्या दोघांचा फॉर्म भरायचा का?”

दोन दिवस ही शर्यत चालली. आप्पांची साखर उतरली, तात्यांना गाढ झोप लागायला लागली, आणि भांडण जिथल्या तिथं.

मग म्हटलं, जोर नको, हळू करून बघू. पण तात्या ऐकेनात. “मी का थांबू? मी थांबलो म्हंजे मी हारलो.”

स्वाती म्हणाली, “थांबू नका की. गुडघा दुखल्यागत करा. दुखणाऱ्याला कोण हारला म्हणतंय?”

लेकीसाठी गडी तयार झाला. सकाळी लंगडत लंगडत निघाला. नाटक वाईट नव्हतं, एवढंच की पहिल्या फेरीला उजवा पाय लंगडत होता आणि दुसऱ्या फेरीला डावा. मी लांबून हातवारे केले, पण ते त्यांना नमस्कार वाटले. त्यांनीही हात हलवला.

आता आप्पा मागून येऊन गाठणार, अशी आमची मांडणी. आप्पा अर्ध्या वाटेवर आले. समोर बघितलं. आणि त्यांची चाल मंदावली. तात्या थांबून गुडघा चोळायला लागले, तसे आप्पाही थांबले. कडेच्या दगडावर बसले, पायातलं पायताण काढलं आणि त्यात काटा शोधायला लागले. चांगलं जाड कातडी पायताण, त्यात काटा घुसवायचा तर हातोडा लागला असता. पण आप्पा शोधत राहिले, आणि शोधताना नजर पायताणावर नव्हती, मैदानापलीकडे होती. तात्या उठून चालायला लागले तेव्हाच यांचा काटा निघाला.

माझा चहा पेल्यात गार झाला. इतकी वर्षं मी समान वेग म्हणून शिकवत आले, तो अ आणि ब ला आपोआप मिळतो असं धरून चालले. पण माणसाला तो असा मिळत नाही. गोल ट्रॅकवर समोरच्याला चुकवायचं म्हटलं तर तो कुठं आहे, जोरात आहे की हळू, दमलाय का, हे प्रत्येक पावलाला बघत राहावं लागतं. म्हणजे हे दोघे इतके दिवस, रोजच्या रोज, एकमेकांवरून नजर न काढता चालत होते. मला एकदम भडभडून आलं. आणि मग रागही आला. एवढी काळजी आहे तर बोला की मेल्यांनो!

शनिवार उजाडला. हातात रविवारची एकच सकाळ राहिली. वजाबाकीनं जमत नाही म्हटल्यावर बेरीजच करायची, दुसरा उपाय नाही. दोघांतला एक जण उलटा फिरवला की अर्ध्या फेरीच्या आतच दोघं समोरासमोर येणार, मग कितीही जोरात चाला नाहीतर हळू चाला. मी तात्यांना फाटकाजवळ गाठलं.

“तात्या, उद्या उजवा हात आत ठेवून चालायचं.”

“उलटं? आवो बाई, शिंदे सर सगळ्यांच्यात शिट्टी मारतील. लोकं काय म्हणतील?”

“शिट्टीचं मी बघते. लेक सोमवारी चालली तुमची. अर्धी फेरी चालायची फक्त.”

तात्यांनी बुटाच्या टोकानं माती उकरली. मग म्हणाले, “बरं.”

शिंदे सरांना मी सांगितलं, उद्या एक माणूस उलटा चालेल, शिट्टी वाजवायची नाही.

“एकच ना?”

“एकच हो.”

रविवारी माझ्याआधी स्वाती येऊन बसली होती. आम्ही दोघी पायरीवर. आप्पा आले, चालायला लागले, समोरच्या टोकाला पोचले. तात्यांनी फाटकाजवळ खोल श्वास घेतला, इकडं तिकडं बघितलं, आणि उजवा हात आत ठेवून उलटे निघाले. मी टाळीच वाजवणार होते. तेवढ्यात शिंदे सर ओरडले, “बाई! एकच म्हणाला हुतासा की!”

पलीकडे बघते तर आप्पाही जागेवर फिरले होते, आणि तेही उजवा हात आत ठेवून चालले होते. 

मी स्वातीकडे बघितलं. तिनं जीभ चावली. “बाई, मी काल रात्री आप्पांच्या पाया पडून सांगिटलं, तुम्ही तरी फिरा म्हणून.”

“अगं भवाने, मी तात्यांना फिरवलंय! मला सांगायचं नाही?”

“तुम्ही तरी कुठं सांगिटलासा?”

दोन्ही चिन्हं बदलली की उत्तर तेच. दोघे परत एकाच दिशेनं, त्याच वेगानं, मध्ये तीच अर्धी फेरी. फरक एवढाच की आता अख्ख्या मैदानाच्या अंगावर चालले होते. पळणारी पोरं डावीकडं उजवीकडं उड्या मारत होती, “आप्पा, सरका!” “तात्या, उलटं हाय!” असा कल्ला उडाला. कवळीवाले काका तर तोंडावर हात धरून ट्रॅकच्या बाहेरच जाऊन उभे राहिले. शिंदे सरांची शिट्टी ओठांवर थरथरत होती आणि ते माझ्याकडे असं बघत होते, की फौजेत असते तर मला कोठडीत घातलं असतं.

मग आप्पा थांबले. त्यांनी समोर बघितलं. तात्याही थांबले. आप्पांना पलीकडून दिसलं की धाकटा उलटा फिरलाय. तात्यांना दिसलं की थोरलाही फिरलाय. कोण कुणासाठी फिरला हे सांगायला आता तिसरा माणूस नको होता. दोघे तसेच उभे. मध्ये अख्खं मैदान, आणि मैदानाच्या मधोमध पोरांचा गोळाफेकीचा सराव चाललेला.

आप्पांनी ट्रॅकची चुन्याची रेघ ओलांडली आणि सरळ मैदानात उतरले.

“गोळा थांबवा!” शिंदे सर ओरडले आणि मग जी शिट्टी वाजली, ती रस्त्यावरच्या रिक्षांनीही ऐकली असेल. गोळा हातात घेतलेलं पोर तसंच वाकलेलं राहिलं. पळणारे थांबले. आप्पा इकडं बघेनात, तिकडं बघेनात. धोतराचा सोगा हातात धरून, गवतातून, तात्यांच्या दिशेनं सरळ चालत आले.

इतकी वर्षं मी हजारदा तो गोल फळ्यावर काढला असेल. त्याच्या आतून कुणाला जाता येतं हे मी एकाही पोराला कधी सांगितलं नव्हतं. गणितात तशी सोयच नाही. गाठ पाडायची तर पळवायचं कशाला, असं नेसरीची मावशी म्हणाली होती, ते आठवलं आणि मी तिथं बसल्या बसल्या तिला मनातून हात जोडले.

आप्पा तात्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. आम्ही दोघी धावत जवळ पोचलो होतो. गंगीचं काढतात की चंद्रीचं, म्हणून माझा जीव टांगणीला लागलेला. आप्पांनी धाकट्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले,

“गुडघा कसा हाय रं?”

तात्या गोंधळले. “कुठला?”

आप्पांनी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांकडे बघितलं. मग त्यांच्या पोटातून हसू असं उसळलं की त्यांनी तात्यांचा खांदाच धरला. “मला वाटलंच हुतं! एका फेरीला ह्यो, एका फेरीला त्यो! लहानपणी बी शाळा बुडवायला असंच करायचास!” आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तात्यांनी त्यांच्या पायाला हात लावला. स्वाती दोघांच्या मध्ये घुसली. शिंदे सर तोंड फिरवून पोरांवर खेकसले, “काय बघालाय? पळा की!”

सोमवारी दोघांनी मिळून तिची ट्रंक उचलली. एकजण पुढं, एकजण मागं. पुढं कोण होतं ते मी मुद्दाम बघितलं नाही.

आता दोघे मैदानावर शेजारी शेजारी चालतात, डावा हात आत ठेवून, ऊन चढलं तरी. चालताना गंगी आणि चंद्रीवरून इतकं मोठ्यानं भांडतात की पळणाऱ्या पोरांना वाट मिळत नाही आणि शिंदे सरांची शिट्टी सारखी वाजत असते. नवीन बॅचला सापेक्ष वेग शिकवताना मी खिडकीतून त्यांच्याकडे बोट दाखवते आणि विचारते, सांगा, या दोघांचा किती?

परवा एक पोरगी म्हणाली, “शून्य.”

म्हटलं, “बरोबर. भांडण होतं तेव्हाही शून्यच होता.”

“मग बाई, बदललं काय?”

मी तिला म्हटलं, खाली बस, तुझं उत्तर बरोबर आहे, पूर्ण मार्क. बाहेर आप्पा तात्यांच्या खांद्यावर हात टाकून ओरडत होते, “यंदा गंगी म्होरं!”, आणि तात्या म्हणत होते, “बरं, पर चंद्रीला तू सांग!”